वेक्लियातली शेजारीण

पास्कल रोझारियोने मला पहिला धक्का दिला तो ओळख झाल्यावर आठवड्याभरातच. या परक्या देशात, पाया लेबारच्या ऑफिसात मी नवीन होते. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, तो नूडल्सचा वाडगा घेऊन माझ्यासमोर बसला, चमचा नीट पुसला आणि जड आवाजात म्हणाला, "काल आमच्याकडे भूकंप झाला. बंदराकडचा भाग पार बसला."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. हा अलिबागकडचा एवढं मला ठाऊक होतं. "कुठे? अलिबागला?"

"नाही गं. वेक्लियात."

आपल्याला एवढा मोठा देश माहीत नाही हे कबूल कसं करायचं? मी चेहरा दुःखी ठेवला आणि टेबलाखाली फोन धरून वेक्लिया शोधायला लागले. त्याने थोडा वेळ मजा पाहिली.

"सापडणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "तो देश नाहीये."

"मग भूकंप कसा झाला?"

"देश नाहीये म्हणून काय भूकंप व्हायचा थांबतो?"

मी त्या दिवशी अर्धं जेवण टाकून उठले. आपल्या शेजारच्या टेबलावर काम करणारा, सगळ्यांचे प्रोग्रॅम तपासून देणारा, वेळेवर येणारा, पन्नाशीचा माणूस डोक्याने ठीक नाही, अशी माझी खात्री झाली होती. नंतर ऑफिसातल्या जुन्या लोकांनी सांगितलं, की त्याच्या वेक्लियाला सगळे सरावलेले आहेत, तूही होशील. झालेही. पण या माणसाने मला धक्के द्यायचे ते काही थांबवले नाहीत.

पास्कल उंच आणि काळासावळा होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट कायम खोचलेला, आणि वरच्या खिशात टिश्यूची दोन पाकिटं. इथल्या हॉकर सेंटरमध्ये जागा धरायची म्हणजे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, मग ती खुर्ची कुणी घेत नाही. पास्कल एक पाकीट स्वतःसाठी ठेवायचा आणि दुसरं शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर. कुणी विचारलं तर म्हणायचा, "वेक्लियाचे राजदूत येणारेत." गर्दीच्या वेळी लोक ताटं घेऊन ताटकळत उभे असायचे, त्यामुळे मला फार ओशाळं वाटायचं. मी पाकीट उचलायला गेले की तो माझ्या हातावर चापटी मारायचा.

त्याचं नाव एका जुन्या संगणकी भाषेचंही नाव होतं. आम्ही सगळे आयटीवाले, म्हणजे त्यावरून चेष्टा ठरलेलीच. नवीन आलेली पोरं विचारायची, "अंकल, ती भाषा आता कोणी वापरतं का?" तो म्हणायचा, "मी वापरतो ना. एक माणूस पुरत नाही, ते सोडून दे." पोरं हसायची आणि विसरून जायची. मीही हसत असे.

वेक्लिया युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात होता, इटलीच्या समोरच्या किनाऱ्यावर. तिथे एके काळी लॅटिनच्या पोटची एक भाषा खरोखरच बोलली जात होती. इटालियन, फ्रेंच, रुमानियन यांची ती सख्खी बहीण. ती मेली. पास्कलच्या इतिहासात ती मेली नाही, आणि तिच्याभोवती एक अख्खा देश टिकून राहिला. इंटरनेटवर असे उद्योग करणारे पुष्कळ लोक आहेत म्हणे. इतिहासातली एक गोष्ट बदलायची आणि पुढे काय काय झालं असतं ते रचत बसायचं. त्यांचे देश मोठमोठी युद्धं जिंकतात, अर्धं जग खिशात घालतात. पास्कलच्या वेक्लियाने कधी काही जिंकलं नाही. तिथल्या लोकसभेत मासे कुठे वाळत घालायचे यावरून वर्षानुवर्षं भांडण चालू होतं. तिथली आगगाडी कायम उशिरा यायची, कारण रुळांवर शेळ्या. मी एकदा म्हटलं, "निदान गाडी तरी वेळेवर आण."

"वेळेवरची गाडी इथे रोज बघतो की," तो म्हणाला. "थोडी वाट बघायची चैन तिकडे ठेवलीये."

तो मला पुणेकरीण म्हणायचा आणि भलतेसलते प्रश्न विचारायचा. "पुणेकरीण, शेजारीण विरजण मागायला आली आणि तुला द्यायचं नसलं, तर तू काय सांगतेस?" किंवा, "तिच्या पोराने चेंडू मारून तुझी कुंडी फोडली, तर पहिलं वाक्य काय?" मी उत्तर दिलं की तो खूश व्हायचा. दुसऱ्या दिवशी कळायचं, की माझं वाक्य वेक्लियातल्या कुणा बाईच्या तोंडी गेलंय. त्याच्या देशात राजे, सेनापती फारसे नव्हतेच. शेजारणी मात्र गल्लोगल्ली होत्या आणि सगळ्या भांडकुदळ. "भांडण झालं की भाषा चार दिवस जास्त जगते," हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

एवढ्या शेजारणी कशाला, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्याने मला दुसरा धक्का दिला.

ती भाषा बोलणारा शेवटचा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडच्या एका बेटावर राहत होता, पास्कल सांगायला लागला. म्हातारा. त्याने ती भाषा लहानपणी आजीच्या आणि आईवडिलांच्या बोलण्यातून उचललेली. पुढे बोलायला कुणी उरलं नाही. वर्षानुवर्षं त्याने ती तोंडातून काढली नव्हती. कानाने ऐकू येत नव्हतं, दात पडलेले. एक अभ्यासक आला, समोर बसला, त्याने आठवेल तेवढं लिहून घेतलं आणि तो गेला. मग रस्त्याच्या कामावर सुरुंग उडाला आणि त्यात तो म्हातारा मेला.

"सुरुंग?" मी म्हटलं.

"सुरुंग. एका सेकंदात अख्खी भाषा. हे खरंय, हे मी रचलेलं नाही."

पास्कलचा आवाज मात्र बदलला नव्हता.

"मला त्याच्या मरण्याचं एवढं वाटत नाही गं," तो म्हणाला. "मरतो माणूस. पण त्याच्या आधीची ती वर्षं. तो सकाळी उठून मनातल्या मनात काहीतरी म्हणत असणार, आज वारा पडलाय, पाय दुखतोय. आणि उत्तर द्यायला कुणी नाही. म्हणून मी फक्त एवढंच बदललं. त्याला एक शेजारीण दिली."

"एवढंच? मग देश कुठून आला?"

"शेजारीण राहणार कुठे? तिला गल्ली पाहिजे. गल्लीला बाजार पाहिजे. बाजार चालायचा तर बंदर पाहिजे, बंदर आपल्या हातात राहायचं तर आपली माणसं कारभारात पाहिजेत. करता करता मागे गेलो चारशे वर्षं. एक म्हातारी जिवंत ठेवायची तर अख्खा देश लागतो, पुणेकरीण."

त्या रिकाम्या खुर्चीसमोरचं टिश्यूचं पाकीट मी त्यानंतर कधी उचलायला गेले नाही.

इथल्या आमच्या मराठी मंडळींना त्याचं फार कौतुक. एका वर्षी मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात त्याला बोलायला उभं केलं, विषय होता 'माझी मातृभाषा'. पास्कल स्वच्छ कपडे घालून आला, माइकसमोर उभा राहिला आणि कुणालाच न कळणारी चार-पाच वाक्यं बोलला. हळू, खालच्या आवाजात. सभागृहात हशा पिकला. सगळ्यांना वाटलं, घेतलं याने वेक्लियाला स्टेजवर. कुणीतरी मागून ओरडलं, "राजदूत आले का?" टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पास्कल क्षणभर आमच्याकडे बघत राहिला, मग तोही हसला आणि उरलेलं भाषण त्याने झकास मराठीत केलं. त्याच्या मराठीबद्दल बोलायची सोयच नव्हती. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई आभार मानताना म्हणाल्या, की एवढी रसाळ मराठी असताना माणसाला दुसरी भाषा रचावीशी वाटते, ही प्रतिभाच म्हणायची.

पुढच्या वर्षी त्याची आई गावाहून टॅम्पिनीसला त्याच्याकडे राहायला आली. ती एकटी राहण्यासारखी उरली नव्हती, विसरायला लागली होती. मी भेटायला गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत एक छोटीशी म्हातारी बसली होती, गळ्यात जपमाळ. मी वाकून म्हटलं, "मावशी, बरं वाटतंय का इथे?"

तिने माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. तेच.

"त्यांची मराठी गेली," पास्कलची बायको लीना म्हणाली. ती वसईची. "रेवदंड्याच्या बाजारात आयुष्यभर मासे विकले त्यांनी मराठीत. आता एक शब्द राहिला नाही. आजारपणात पुसलं गेलं."

मराठी जाते म्हणजे काय? तेवढ्यात पास्कल आतून पाण्याचा पेला घेऊन आला आणि आईशी काहीतरी बोलला. म्हातारीचा चेहरा उजळला. ती भराभरा बोलायला लागली, त्याच्या दंडावर थापट्या मारायला लागली. मला वाटलं, कोकणी असेल.

पास्कलची मुलगी अलिशा सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. ती जन्मापासून इथलीच, इथल्यासारखं वाक्याला 'लाह' जोडून बोलणारी. "ग्रँडमा टॉक्स टू पप्पा ओन्ली," ती मला म्हणाली. "आय टोल्ड पप्पा, टीच मी. ही सेज लेटर, लेटर. ऑलवेज बिझी विथ हिज कंट्री लाह."

पास्कल तिच्याकडे बघून हसला. "शिकवतो गं, शिकवतो," तो म्हणाला.

मग तो सोमवार आला. हॉकर सेंटर खच्चून भरलं होतं. एक म्हातारी बाई ताट घेऊन उभी होती, फुलाफुलांचा फ्रॉक, पांढरे केस कापलेले. पास्कलने उठून राजदूतांच्या खुर्चीसमोरचं पाकीट उचललं आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली, सॉस आणायला पुन्हा उठली, आणि तेवढ्यात एक साळुंकी टेबलावर उतरून तिच्या ताटातला माशाचा तुकडा घेऊन उडाली. ती बाई हात नाचवत साळुंकीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली. इंग्लिश नाही, मलाय नाही, चिनी तर नाहीच.

पास्कलचा चमचा वाडग्यात पडला.

तो वळला आणि तिला काहीतरी म्हणाला. बाई थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. मग अडखळत काहीतरी बोलली. त्याने मान हलवली, बोटांनी घराच्या छपरासारखं करून दाखवलं. "काझ," तो म्हणाला. "काझा, काझा," ती म्हणाली आणि टेबलावर हात आपटून हसायला लागली. मग दोघंही इतक्या जोरात बोलायला लागले, की शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले. मी मध्ये बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते.

"पास्कल," मी शेवटी म्हटलं, "तू यांना वेक्लियन कधी शिकवलीस?"

"ही वेक्लियन नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ही माझ्या आईची भाषा. रेवदंड्याजवळच्या आमच्या कोर्लईची. नोलिंग म्हणतो आम्ही, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आले, किल्ला बांधला, गेले. भाषा आमच्या गावात राहिली, तेवढ्या एका गावात. आणि ह्या आँटीचे लोक मलाक्काचे. तिकडेही पोर्तुगीज होते. तिची थोडी वेगळी आहे, मलायचं मीठ पडलंय तिच्यात, आमच्यात मराठीचं. पण निम्म्याहून जास्त कळतं गं मला."

माझ्या डोक्यात एकदम सभागृहातला तो हशा आला. "म्हणजे भाषा दिनाला तू..."

"हं," तो म्हणाला. "ती खरी होती."

हा माणूस माझ्याशी इतकी वर्षं मराठीत बोलला होता, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याला घरी आईशिवाय उत्तर देणारं कुणी नव्हतं. पास्कलला मात्र माझ्याकडे लक्ष द्यायला फुरसत नव्हती. तो आँटीला आईबद्दल सांगत होता. येत्या रविवारी चर्चनंतर त्याने आँटीला घरी आणायचं, असं ठरलं. तिचं नाव मेबल, राहायला सेरंगूनला, दुपारचं जेवण रोज इथेच. ऑफिसच्या जिन्यावर तो मला म्हणाला, "पुणेकरीण, आता मला काही झालं तरी चालेल बघ. आईला बोलायला माणूस मिळालं."

असलं काही बोलू नये, असं मी त्याला रागावले.

बुधवारी संध्याकाळी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, दारात तो मला शेवटचा दिसला. गाडी सुटताना काचेपलीकडून ओरडून सांगत होता, की वेक्लियात उद्या सुट्टी जाहीर झालीये. गुरुवारी सकाळी तो ऑफिसला आला नाही. दुपारी लीनाचा फोन आला. सकाळी दाढी करता करता कोसळला, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी टॅम्पिनीसला गेले ती कशी गेले ते आठवत नाही. घर माणसांनी भरलेलं होतं. लीना भिंतीला टेकून बसली होती. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत म्हातारी बसली होती. दार वाजलं की मान वळवायची आणि एकच काहीतरी विचारायची. सगळे खाली बघायचे.

अलिशा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आँटी, ग्रँडमा डजन्ट नो. नोबडी कॅन टेल हर."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. सकाळपासून सगळं करून झालं होतं. लीनाने मराठीत सांगितलं, हातवारे केले, क्रूस दाखवला. म्हातारीने क्रूसाचा मुका घेतला आणि परत दाराकडे बघितलं. कोर्लईहून पुतण्याने व्हिडिओ कॉल केला, ओरडून ओरडून सांगितलं. तिला फोनमधलं ऐकू येत नाही, फोनमधली माणसंही ओळखू येत नाहीत. तिने फोन बाजूला ढकलला. तो स्वतः निघाला होता, पण व्हिसा व्हायला वेळ लागणार होता, आणि शनिवारी दफन. शब्दाने काही न सांगता तिला एकदम शवपेटीसमोर नेऊन उभं करायचं? लीना नको म्हणत होती. न नेता ठेवायचं, तर ते त्याहून वाईट.

पास्कलने सुरुंगात मेलेल्या म्हाताऱ्यासाठी देश उभा केला होता, आणि त्याची स्वतःची आई त्या म्हाताऱ्याच्या जागी बसली होती. मला त्याचा भयंकर राग आला. असा कसा गेलास, असं मी मनात त्याला विचारत होते.

शुक्रवारी मी ऑफिसला न जाता हॉकर सेंटरमध्ये गेले आणि आमच्या टेबलावर टिश्यूची दोन पाकिटं ठेवून बसले. मेबल आँटी तिच्या वेळेला आली. मला बघून हसली.

"युवर फ्रेंड व्हेअर? द इंडियन मॅन हू टॉक लाइक माय ग्रॅनी?"

मी सांगितलं. तिने ताट खाली ठेवलं. "बट ही सेड संडे," ती म्हणाली, "संडे ही कम अँड फेच मी." हे ती दोनदा म्हणाली. मग मी तिला आईबद्दल सांगितलं आणि काय हवंय ते सांगितलं.

ती घाबरली. "आय ओन्ली नो किचन टॉक लाह. स्कोल्डिंग, प्रेयर्स. हाउ टू टेल अ मदर?" पण ती उठली. टॅक्सीत सगळा वेळ ती खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होती, शब्द जुळवत होती.

घरात शिरल्यावर तिने चपला काढल्या आणि सरळ म्हातारीसमोर स्टूलवर जाऊन बसली. तिचे हात हातात घेतले आणि पहिलं वाक्य बोलली. म्हातारी दचकली. तिने मेबल आँटीच्या तोंडावरून हात फिरवला, केसांवरून फिरवला, फ्रॉकची बाही चाचपली. काहीतरी विचारलं. आँटीने उत्तर दिलं. मग आँटी हळूहळू बोलत गेली, मध्ये शब्द अडला की थांबत गेली. एका शब्दावर म्हातारीचा हात थांबला. ती ओरडली नाही. तिने त्या शब्दाची खात्री करून घेतल्यासारखा तो स्वतः म्हणून पाहिला. आँटीने मान हलवली, आणि मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. आम्हीही कालपासूनचं तेव्हा रडलो. अलिशा आजीच्या पायाशी जाऊन बसली.

निघायच्या आधी म्हातारीने आँटीला आणखी काहीतरी विचारलं. आँटी जरा थांबली आणि एका शब्दात उत्तर देऊन उठली.

शनिवारी चर्चमध्ये पास्कलला मी शवपेटीत पाहिलं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट नव्हता, कोट घातला होता, त्यामुळे तो कुणी परकाच वाटत होता. अलिशाने आजीला धरून आणलं, दुसऱ्या बाजूला आँटी. म्हातारी वाकली आणि त्याच्याशी बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्येच थांबून वाट बघायची, आणि त्या प्रत्येक वेळी मेबल आँटी शेजारून हळूच उत्तर द्यायची. पाद्री थांबले, कुणी घाई केली नाही. आजीच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारा एक शब्द अलिशा ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होती.

बाहेर आल्यावर मी आँटीला विचारलं, की काल जाताना त्यांनी काय विचारलं होतं.

"शी आस्क मी, यू स्टे नेक्स्ट डोअर, इज इट?" आँटी चष्मा पुसत म्हणाली. "आय टोल्ड हर येस."

"पण आँटी, तुम्ही तर सेरंगूनला राहता."

"आय नो," ती म्हणाली. "टुमॉरो आल्सो मस्ट कम. विच बस, यू टेल मी."